पाटल्या, पोथी आणि परदेशची वाट

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादिकाबाईंनी मला सुचविले, तेव्हा माणिकगडच्या किल्ल्यावर लिहावे असा माझा बेत होता. परंतु गेल्या चार महिन्यांत आमच्या घरात जे काही घडले, त्यामुळे मन किल्ल्यावर ठरेना. शेवटी जे मनात होते तेच लिहावयास घेतले. इतिहास त्यात आहेच, फक्त तो आमच्या ओसरीवरून सुरू होतो एवढेच.

आमची सूनबाई दोन वर्षांच्या शिक्षणाकरिता जर्मनीस निघाली आहे. तिच्यामागून सहा महिन्यांनी मुलगा येथील सिमेंट कारखान्यातील नोकरी सोडून, चार वर्षांच्या नातवाला घेऊन जाणार. तिकडच्या सरकारचा असा नियम आहे की, शिकावयास येणाऱ्याने एक वर्षाच्या राहण्याजेवण्याचा खर्च अगोदरच एका खात्यात भरून दाखवावा. ती रक्कम आपल्यासारख्यांच्या घरी डब्यात ठेवलेली नसते. तेव्हा नांदाफाट्याकडचा प्लॉट विकला, मोटारसायकल विकली, फ्रीज गेला, कपाट कोणी न्यावे याची चर्चा सुरू झाली. येथवर मी गप्प होते. एके दिवशी सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "आई, पाटल्याही मोडाव्या लागतील."

त्या पाटल्या माझ्या आईच्या. आईने मला दिल्या, मी लग्नात सुनेच्या हातात घातल्या. आता खरे पाहता, एकदा दिल्या म्हणजे त्या तिच्या झाल्या. हे मला कळत नव्हते असे नाही. पण मी पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतेच बोलले. शेजारच्या काकूंनी तर "भरला संसार मोडून कुठे चालली पोरं?" असे विचारून माझ्या रागात तेल ओतले. आपल्या भाषेत संसार मांडतात आणि संसार मोडतात. परत येण्याच्या बोलीने तो थोडा वेळ आवरून ठेवण्याला काही धड शब्दच नाही. त्यामुळे काकूंचाही दोष मी धरीत नाही.

आमच्या सासूबाई असत्या तर हसल्या असत्या. त्यांच्या लहानपणी परदेश वर्धा नदीच्या पलीकडे होता! १९४८ पर्यंत आपला हा राजुऱ्याकडचा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. नदीपलीकडे चांदा-बल्लारपूर हे इंग्रजी अमलाखाली, मध्यप्रांतात. आपण मोगलाईतले, ते इंग्रजीतले. इकडे हाली रुपया चाले, तिकडे कलदार. नात्यागोत्याच्या लग्नाला जावयाचे म्हणजे पैसे बदलून घ्यावयाचे, असे त्या सांगत. पुढे १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला तो नांदेड जिल्ह्यात, आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. म्हणजे घराचा उंबरठा न ओलांडताही आमच्या सासूबाईंनी दोन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. हे आपले जाता जाता सांगितले.

अबोल्याच्या त्या पंधरा दिवसांत मी आनंदीबाई जोशी यांच्याविषयी जे मिळेल ते वाचून काढले. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलेली असेल, सिनेमाही पाहिला असेल. मीही पूर्वी वाचली होती. पण तेव्हा मी ती डोळ्यांतून पाणी काढीत वाचली होती; या वेळी मी हिशेब शोधीत वाचत होते. या दोघा नवराबायकोंनी पैसा कोठून आणला, घरच्या माणसांचे काय केले, आधी कोण गेले, मागून कोण गेले, हे मला पाहावयाचे होते.

यमुना हे तिचे माहेरचे नाव, माहेर कल्याणचे. १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळ विनायक जोशी, टपाल खात्यातला, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवीन ही त्याची अट. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुरुष डॉक्टरांसमोर जावयाचे नाही आणि बाई डॉक्टर नाही, अशा त्या काळात आपले मूल गेले याचा तिने जो अर्थ घेतला, त्यातून पुढचे सगळे निघाले.

गोपाळरावांविषयी मला एक सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांची स्तुती करताना आपण फार सैल हाताने करतो. अभ्यास केला नाही म्हणून दहा वर्षांच्या पोरीला त्यांनी लाकडाने मारले, बाराव्या वर्षी खुर्ची फेकली. हे कोणा शत्रूचे बोलणे नव्हे. तिनेच पुढे अमेरिकेहून त्यांना लिहिलेल्या पत्रात याची आठवण दिली आहे. त्याच माणसाने तिला जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडले हेही खरे. दोन्ही खरे आहे. एकामुळे दुसरे पुसले जात नाही, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

टपाल खात्यातील नोकरी म्हणजे बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा हा संसार फिरत राहिला. आपल्या सिमेंट कॉलनीतल्या भगिनींना हे सांगावयास नको. दर बदलीला घरातल्या चार वस्तू कमी होतात आणि सवय होऊन जाते. कोल्हापुरास असताना १८७८ साली गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले: बायकोला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, माझीही काही नोकरीची सोय होईल काय? म्हणजे पहिला बेत दोघांनी मिळून जाण्याचाच होता. वाइल्डरसाहेबांच्या मनात धर्मांतर होते, ते गोपाळरावांना नको होते, तेव्हा काम तेथेच थांबले. परंतु साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. ते मासिक १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी पाहिले. कोठे, तर दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना! दाढ दुखण्याचाही कधी कोणाला असा उपयोग होतो. त्या बाईंनी कोल्हापूरच्या पत्त्यावर पत्र लिहिले, आणि पत्रांतून असे नाते जडले की आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. ज्या बाईचा चेहरा पाहिला नाही तिला मावशी म्हणणे आपल्यालाच सुचते. आमच्या सूनबाईंनाही तिकडे एक घरमालकीण मिळाली आहे. अजून तिला मावशी म्हटलेले नाही, पण नातवाच्या झोपण्याच्या खाटेविषयी तिने आपण होऊन विचारले, तेव्हा मला जरा बरे वाटले.

पुढे दोघांनी जाणे जमेना. गोपाळरावांच्या पगारावर घरची इतर माणसे होती, दोघांच्या प्रवासाचा आणि तिकडच्या राहण्याचा खर्च पेलण्याजोगा नव्हता. तेव्हा ठरले ते त्या काळाला न शोभणारे: बाईने आधी एकटीने जावे, नवऱ्याने मागून यावे. मी हे वाचीत होते आणि आतल्या खोलीत सूनबाई ट्रंकेत पुस्तके भरीत होती. मी तो भाग दोनदा वाचला.

लोकांनी त्यांना काय काय म्हटले असेल ते आपण समजू शकतो. त्याला उत्तर म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी इंग्रजीतून व्याख्यान दिले. हे श्रीरामपूर आपले नगरकडचे नव्हे, कलकत्त्याजवळचे. त्या वेळी वय अठराही पुरे नव्हते. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारीत ते तिने स्वतःच पुढे मांडले. अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? तेथे काही बरेवाईट झाले तर? कोणा बाईने केले नाही ते तूच का करतेस? एकेकाचे तिने शांतपणे उत्तर दिले. जातीच्या प्रश्नाला तिचे उत्तर असे की, मी हिंदू म्हणून जाईन, येथल्यासारखेच खाईन-लेईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, मग टाकाल कशासाठी? या व्याख्यानाची बातमी छापून आली आणि ठिकठिकाणांहून मदत येऊ लागली. पण लोकांची मदत येण्याआधी आणि आल्यावरही, अंगावरचे सोने विकावेच लागले. तिने आपले दागिने विकले.

येथे मी पुस्तक मिटले. सोने म्हणजे बाईची शेवटची लाकडी फळी, बुडताना धरावयाची, असे मला माझ्या आईने शिकविले होते. आणि या पोरीने ती फळी विकून बोटीचे तिकीट काढले. दुष्काळात, आजारपणात, सावकाराच्या तगाद्यापायी पाटल्या मोडल्या तर आपण बाईची कीव करतो, तिला दोष देत नाही. पण शिकावयास जाण्याकरिता मोडल्या तर तो उधळेपणा वाटतो. असे का वाटावे? मी स्वतःला विचारले, मला नीट उत्तर देता आले नाही.

७ एप्रिल १८८३ रोजी 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने ती निघाली. बरोबर अमेरिकन मिशनरी बाया होत्या, घरचे कोणी नाही. ४ जूनला न्यू यॉर्क. अठ्ठावन्न दिवस! आमची सूनबाई नागपूरहून सकाळी निघाली तर दुसऱ्या दिवशी पोहोचून व्हिडिओवर चेहरा दाखविणार आहे, आणि मी मात्र येथे धावा करीत बसणार.

मावशींच्या घरून आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला अर्ज केला. तो अर्ज तिच्या हस्ताक्षरात अजून फिलाडेल्फियास जपून ठेवलेला आहे. माझ्या देशातील बायका पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी मदत करण्यास मी आले आहे, आणि नातलग व जात यांचा विरोध मोडून मला येथवर आणणारा निश्चय पुढेही उपयोगी पडेल, असा त्याचा आशय आहे. तेथल्या मुख्य बाई रेचल बॉडली यांनी तिला घेतले, शिष्यवृत्तीही दिली. थंडीच्या त्या मुलखात नऊवारीने पाय उघडे पडतात म्हणून तिने गुजराती पद्धतीने पातळ नेसण्यास सुरुवात केली, तर त्यावरून इकडून गोपाळरावांनी कुरबूर केली. समुद्रापलीकडे पाठविणारा माणूस निऱ्यांवरून अडतो! पत्रे पोहोचावयास आठवडेच्या आठवडे लागत, त्यामुळे रुसवाही महिना-महिनाभर शिळा होऊन पोहोचे.

गोपाळराव मागून निघाले, नोकरी सोडून, पूर्वेच्या वाटेने देश पाहत पाहत, आणि १८८५ साली अमेरिकेत पोहोचले. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. त्यांच्याबरोबर शिकलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली यांच्यासह १८८५ सालचा त्यांचा एक फोटो आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेषात. आमच्या नातवाने तो पाहून विचारले, "आजी, यातली आपली कोणती?" पातळावरून त्याने स्वतःच ओळखली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांना मिळाली होती. प्रकृती मात्र तिकडेच ढासळली होती. नोव्हेंबर १८८६ मध्ये दोघे मुंबईस उतरली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्यांचे देहावसान झाले, बाविसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. एकाही रोग्याची नाडी आपल्या देशात डॉक्टर म्हणून हाती धरण्यास मिळाली नाही. अस्थी मावशींकडे पाठविण्यात आल्या. न्यू यॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांची शिळा आहे. थोड्या काळासाठी गेलेली पोर शेवटी अर्धी तिकडेच राहिली. हे वाचून मन भ्याले, हे लपवीत नाही. मी सुनेच्या ट्रंकेत आणखी एक लोकरीची बंडी टाकली.

पदवीदानाच्या त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या सभागृहात आणखी एक मराठी बाई होत्या. पंडिता रमाबाई. त्या इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांची गोष्ट वेगळी. विकावयास त्यांच्यापाशी घर नव्हते आणि दागिनेही नव्हते. ते सगळे पूर्वीच होऊन गेले होते: वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या काळात, दुष्काळ आणि तीर्थयात्रा यांत जमीन गेली, दागिने गेले, शेवटी तांब्यापितळेची भांडीही गेली, आणि त्याच दुष्काळात थोड्या महिन्यांच्या अंतराने आईवडील व बहीण गेली. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२ साली, पतीही वारले. हाती दहा महिन्यांची मनोरमा. अशा बाईने विकले काय? पुस्तक! 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांनी मराठीत लिहिले आणि त्याच्या विक्रीच्या पैशातून १८८३ साली, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन इंग्लंडची वाट धरली. त्याच वर्षी तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून येथे केवढा गदारोळ झाला तो निराळा विषय आहे. माझ्या हिशेबाच्या वहीत मात्र त्यांची नोंद अशी आहे की, १८८६ ते १८८८ त्या अमेरिकेत राहिल्या, इंग्रजीत पुस्तक लिहून आणि व्याख्याने देऊन पैसा उभा केला, आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन काढले. तारीख पाहा, आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात फिरल्या आणि उपाशी मरणाऱ्या मुली उचलून घेऊन गेल्या. मध्यप्रांत म्हणजे नदीपलीकडचा आपला शेजार.

थोड्या काळासाठी म्हणून गेलेले सगळेच परतले असे समजू नये. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर नेण्यास सुरुवात झाली. कोकणातलीही पुष्कळ कुटुंबे मुंबईच्या बंदरातून गेली. पाच वर्षांचा करार. काही आले, बरीच तेथेच राहिली. त्यांची पतवंडे आज गणेश चतुर्थीला सुटी घेतात, कारण त्या देशाने ती सार्वजनिक सुटी केली आहे. आमच्या घरी या गोष्टीचा उल्लेख मी केला नाही. मुलगा म्हणतो दोन वर्षे, तर दोन वर्षे.

आणि वयाचे म्हणाल, तर पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्व्यांच्या आश्रमातील, कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या बहीण, विधवा. इंग्रजी शिकावे म्हणून १९१८ साली, पन्नाशीकडे झुकलेल्या असताना अमेरिकेस गेल्या. पैसा नाही, म्हणून लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आणि १९२० साली परत आश्रमाच्या कामाला लागल्या. हे मी जेवताना सांगितले तेव्हा आमच्या घरच्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, आता ही पण निघते की काय!

पाटल्या मोडण्यास शेवटी मीच सुनेबरोबर सराफाकडे गेले. तिने एकटीने जावे हे मला बरे वाटले नाही. सराफाने काट्यावर ठेवल्या, घट वजा केली, आकडा सांगितला. मी आईच्या हिशेबाने घासाघीस केली आणि आकडा थोडा वर चढविला. बाहेर आल्यावर तिने विचारले, "आई, रागावलात का अजून?" मी म्हटले, "सोन्याचा भाव चढला आहे, हे एक बरे झाले." घरी येईतो दोघी त्याच एका वाक्यावर हसत होतो.

वही मात्र मी ठेवली आहे. प्लॉटचे किती आले, कपाटाचे किती, पाटल्यांचे वजन किती, तोळ्यामाशांसकट. गोपाळरावांनी अशी वही ठेवली असती तर आज आपल्याला किती उपयोग झाला असता! कल्याणच्या त्या पोरीच्या सोन्याचे वजन किती होते, हे मला फार जाणून घ्यावयाचे होते.

ती येत्या महिन्यात निघेल. नातू सहा महिने माझ्यापाशी आहे. त्याला सकाळी बालवाडीत सोडून मी मंडळात येईन, तेव्हा थोडा उशीर झाल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे. त्यांचे लोखंडी कपाट विकले गेले नाही. भाव फारच कमी येत होता, म्हणून आम्ही ते आपल्या मंडळाच्या खोलीत आणून ठेवले आहे. वरच्या दोन खणांत स्मरणिकेच्या प्रती ठेवाव्यात. खालचा खण जरा उचलून ओढावा लागतो, नाहीतर अडकतो.